पाणी हेच अंग

1828 साली स्कॉटलंडमध्ये नॉर्थ बेरिकच्या खडकाळ किनाऱ्यावर सर जॉन ग्रॅहम डिएल नावाच्या गृहस्थांनी एक लालसर समुद्रफूल खडकावरून अलगद सोडवलं आणि एडिंबरोला घरी नेऊन काचेच्या बरणीत ठेवलं. डिएल शिक्षणाने वकील आणि मनाने निसर्गशोधक. त्या बरणीला पंप नव्हता, दिवा नव्हता, गाळणी नव्हती. समुद्राचं ताजं पाणी आणायचं, जुनं बदलायचं आणि अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा द्यायचा, एवढीच बडदास्त. 1851 साली डिएल वारले. समुद्रफूल राहिलं. ते एका अभ्यासकाकडून दुसऱ्याकडे गेलं आणि शेवटी एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये पोचलं. दरम्यान त्याला शेकडो पिल्लं झाली आणि लोक त्याला ‘ग्रॅनी’, आजीबाई, म्हणू लागले. 1887 साली आजीबाई गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची मृत्युवार्ता छापली. बरणीतला मुक्काम 59 वर्षांचा.

आता आजचं दृश्य. पुण्यातला किंवा ठाण्यातला फ्लॅट, हॉलमध्ये दोनशे लिटरची नवी कोरी खाऱ्या पाण्याची टाकी. वर निळे-पांढरे एलईडी, खाली प्रोटीन स्किमर, कडेला लाटा उठवणारा वेव्हमेकर, नारिंगी क्लाउनफिशची जोडी आणि तिच्यासाठी म्हणून हौसेने आणलेलं ॲनिमोन, म्हणजे समुद्रफूलच. पहिले चार दिवस ते फुलतं, घरचे फोटो काढतात. मग ते आक्रसायला लागतं, रंग उडतो, तोंड उघडं पडतं, आणि एका सकाळी खडकावर नुसता पांढुरका, दुर्गंधी येणारा लगदा उरतो. इतक्या यंत्रांच्या पहाऱ्यात जे महिनाभर टिकत नाही, ते बरणीत अर्धशतकाहून जास्त कसं जगलं?

या प्रश्नाचं उत्तर टाकीपेक्षा त्या प्राण्यात शोधावं लागतं. प्राणी म्हटलं तरी आपल्या ओळखीचं त्यात काहीच नाही. मेंदू नाही, हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुसं किंवा कल्ले नाहीत, मूत्रपिंड नाही. अन्न आत घेणारं तोंड आणि घाण बाहेर टाकणारं द्वार एकच. पेशींचे दोन पातळ थर, मध्ये जेलीसारखा पदार्थ, खाली चिकटायला पायाची चकती, वर तोंड आणि त्याभोवती शुंडकांचं वर्तुळ. झालं शरीर. त्याला उभं ठेवतं ते आत भरलेलं समुद्राचं पाणी. तोंडाच्या कडेला एक अरुंद खाच असते, तिच्यातले सूक्ष्म केस सतत हलत राहून पाणी आत ढकलतात. पोकळी भरली की प्राणी टरारून फुलतो. स्नायू आवळून पाणी बाहेर टाकलं की त्याची सुपारीएवढी गोळी होते.

म्हणजे टाकीतलं पाणी आणि त्याच्या अंगातलं पाणी यांत फरक नाही. मासा बाहेरचा खारटपणा बदलला तर आपल्या रक्तातलं मिठाचं प्रमाण सांभाळत बसतो, त्यासाठी त्याच्याकडे कल्ले आहेत, मूत्रपिंड आहे. समुद्रफुलाकडे असली कुठलीच सोय नाही. बाहेरचं पाणी खारट झालं की तेही खारट होतं, बाहेर अमोनिया साचला की तो थेट पेशींना भिडतो. ‘ॲनिमोन सांभाळणं’ हा शब्दप्रयोग खरं तर सोयीपुरता आहे. पाणी सांभाळायचं असतं. ॲनिमोन ते कसं जमलंय हे दाखवतं.

आणि तरीही या पाण्याच्या थैलीला दुबळं समजायचं कारण नाही. शुंडकांवर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ दोरी, आणि ती बाहेर फेकायला प्रचंड दाब. हायड्रा हा समुद्रफुलाचा गोड्या पाण्यातला नातलग. 2006 साली शास्त्रज्ञांनी हायड्राच्या दंशपेशीचा स्फोट अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. काटा सुटायला लागलेला वेळ निघाला 700 नॅनोसेकंद, आणि त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास लाख पटींहून अधिक. जीवसृष्टीत माहीत असलेल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. ॲनिमोनला बोट लावल्यावर ते चिकटल्यासारखं वाटतं, ते याच सैन्यामुळे: काही पेशी विष टोचतात, काही चिकट धागे सोडतात. आपल्या हाताची कातडी जाड असल्याने बहुतेकदा काही होत नाही. पण पॅरिसमध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी 1901-02 साली समुद्रफुलांचं विष कुत्र्यांना टोचून प्रयोग केले, तेव्हा पहिल्या मात्रेतून बचावलेले काही कुत्रे काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी क्षुल्लक दुसऱ्या मात्रेने मिनिटांत मेले. शरीराच्या त्या जीवघेण्या अतिप्रतिक्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हटलं, आणि त्या कामाबद्दल रिशे यांना 1913 चं नोबेल मिळालं. शेंगदाण्याची किंवा मधमाशीच्या डंखाची जीवघेणी ॲलर्जी समजून घेण्याची वाट या समुद्रफुलांमधून गेली आहे. टाकीत हात घालताना हातमोजे घालावेत आणि नंतर तेच हात डोळ्यांना लावू नयेत, एवढं यावरून समजावं.

आता पुन्हा आजीबाईंकडे. त्या होत्या ‘ॲक्टिनिया इक्विना’ या जातीच्या, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या. ओहोटीला तासन् तास उघड्यावर, ऊन-पाऊस-थंडी अंगावर घेणारी ही जात. मुंबईत हाजी अलीजवळच्या खडकांवर किंवा कोकणातल्या कातळांवर ओहोटीला फिरलात तर अशीच काटक समुद्रफुलं खळग्यांत दिसतात. मिळेल ते पकडून खाणं हा त्यांचा पोटाचा धंदा. दुकानात मिळणारं ‘बबल टिप’ म्हणजे ‘एंटाकमेया क्वाड्रिकलर’ मात्र हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या उथळ, उबदार, नितळ प्रवाळभिंतींवरचं. ते शिकारीपेक्षा शेतीवर जास्त जगतं.

ही शेती त्याच्या अंगातच पिकते. बबल टिपच्या आतल्या थरातल्या पेशींमध्ये सोनेरी-तपकिरी रंगाची एकपेशीय शैवालं राहतात; पेशींच्या मधल्या जागेत नाही, चक्क पेशींच्या पोटात. उजेड पडला की ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेली साखर व इतर पोषक द्रव्यं मोठ्या प्रमाणात यजमानाला देऊन टाकतात. यजमान त्यांना राहायला सुरक्षित जागा देतो आणि स्वतःचा टाकाऊ अमोनिया व कार्बन डायऑक्साइड खत म्हणून पुरवतो. दिवसा शैवालं इतका प्राणवायू सोडतात की त्याचा स्वतःच्याच पेशींना त्रास होऊ नये म्हणून ॲनिमोनला संरक्षक विकरं तयार ठेवावी लागतात. अर्धं झाड, अर्धा प्राणी असा हा संसार.

हा संसार मोडतो तोही एका ठरावीक रीतीने. पाणी फार तापलं, उजेड एकदम वाढला किंवा अगदीच कमी पडला, प्रवासात हाल झाले, की शैवालं बाहेर फेकली जातात. मागे उरतं ते पांढरंशुभ्र, काचेसारखं ॲनिमोन, आणि दुकानात नेमकं तेच सगळ्यांत देखणं दिसतं! निळ्या दिव्याखाली असं पांढरं फूल पाहून हरखून जाणारे बरेच भेटतात. ते उपाशी प्राणी विकत घेत असतात. कधी कधी तर असल्या विवर्ण फुलांना पिवळा, जांभळा रंग चढवून विकतात. निरोगी बबल टिपच्या अंगावर तपकिरी झाक असतेच. लाल किंवा गुलाबी वाणातही त्या रंगाखाली ती दिसते.

तर पहिली गरज उजेडाची. पण नव्या टाकीत जीव घेणारी गोष्ट बहुधा उजेड नसते. ती डोळ्यांना दिसत नाही.

मासे श्वास घेता घेता कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. उरलेलं खाणं कुजलं की त्यातूनही अमोनियाच सुटतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4 च्या आसपास, म्हणजे जरा अल्कधर्मी, आणि अशा पाण्यात अमोनियाचा जास्त हिस्सा त्याच्या विषारी रूपात राहतो. गोड्या पाण्याच्या टाकीत जेवढा खपून जातो, तेवढा इथे खपत नाही. तो संपवण्याचं काम सूक्ष्मजीवांचं. काही जीव अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये मत्स्यालयांचं वेड पसरलं. फिलिप हेन्री गॉस यांनी 1854 साली ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं आणि घराघरांत समुद्रफुलांच्या बरण्या आल्या. त्या वेळी यातलं काहीही कुणाला ठाऊक नव्हतं. झाडं प्राणवायू देतात, प्राणी तो वापरतात, जमा-खर्च जुळला की झालं, एवढाच हिशोब. अमोनिया मुरवणारे जिवाणू सेर्गेई विनोग्राद्स्की यांनी वेगळे करून दाखवले ते 1890 च्या सुमारास. आजीबाई तोवर जाऊन चुकल्या होत्या. त्यांना या जिवाणूंवर फारसं विसंबावं लागलंच नव्हतं, कारण त्यांचं पाणीच सतत बदललं जात होतं, आणि बरणीत गर्दी नव्हती.

गोष्ट इथेही संपली नाही. शंभरेक वर्षं सगळे समजत होते की समुद्रात हे काम जिवाणूच करतात. 2005 साली अमेरिकेतल्या सिॲटल ॲक्वेरियमच्या उष्ण कटिबंधातल्या एका टाकीच्या खडीतून संशोधकांनी एक अतिसूक्ष्म जीव वेगळा काढला. तो जिवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्याच गटातला निघाला. ‘नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस’ असं त्याचं नाव. तो अमोनियावर जगतो, अगदी नगण्य अमोनियावरही. पुढे लक्षात आलं की त्याचे भाईबंद महासागरांत सर्वत्र, अफाट संख्येने आहेत, पृथ्वीच्या नायट्रोजनचक्राचा मोठा भार उचलून आहेत, आणि माणसाला ते पहिल्यांदा नीट सापडले ते एका मत्स्यालयाच्या तळाशी. घरच्या टाकीच्या वाळूत आणि खडकांच्या छिद्रांत आपण जे बसू देत असतो, ते हेच लोक.

त्यांना बसायला वेळ लागतो. हौशी मंडळी याला ‘टाकी सायकल होणं’ म्हणतात. साधारण चार ते सहा आठवड्यांत चाचणीच्या किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात. जुन्या, निरोगी टाकीतला एखादा दगड किंवा मूठभर वाळू नव्या टाकीत घातली तर काम लवकर सुरू होतं, ते विरजणच. पण विरजण लावलं म्हणून लगेच दही लागत नाही. सायकल पूर्ण झाली याचा अर्थ पाणी आता माशाला मारणार नाही, इतकाच. त्यानंतर टाकी स्वतःच्या रंगांतून जाते. आधी काचेवर, वाळूवर तपकिरी थर चढतो, तो डायॅटमचा. मग हिरवं केसाळ शेवाळ माजतं आणि मालक हैराण होतो. मग हळूहळू ते ओसरतं आणि खडकांवर, पंपांवर गुलाबी-जांभळे डाग दिसू लागतात. ते कवच धरणारं कोरॅलाइन शैवाल. खडकांच्या फटींत बारीक किडे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड पळू लागतात. रात्री टॉर्च मारून ती वर्दळ बघावी. माझ्या मते मासे बघण्यापेक्षा तिची मजा जास्त आहे. हे सगळं घडत असताना अल्कलिनिटी, पीएच, नायट्रेट, फॉस्फेट हे आकडे वरखाली नाचत असतात, आणि साधारण सहा महिन्यांनी, कधी वर्षाने, शांत होतात. ज्या प्राण्याचं अंगच पाण्याचं, त्याला या नाचात सोडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून अनुभवी लोक नवख्याला सहा महिने थांबायला सांगतात. वर्षभर थांबा म्हणणारेही आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा. बाजारात ‘एका दिवसात सायकल’ अशा बाटल्या मिळतात. त्यांतल्या काहींत खरोखर उपयोगी जीव असतात, पण बाटलीत जिवाणू भरता येतात, काळ भरता येत नाही.

पाण्याचे आकडे लक्षात ठेवायला अवघड नाहीत. लिटरला सुमारे 35 ग्रॅम क्षार, विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत 1.025 ते 1.026. तापमान 25 ते 27 अंश सेल्सियस. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट मात्र शून्य नको, थोडं असावं, पाच-दहा पीपीएमपर्यंत चालेल. ॲनिमोनच्या पोटातल्या शैवालांना तेही लागतं. सगळं चकचकीत निर्जंतुक ठेवण्याच्या नादात नायट्रेट आणि फॉस्फेट पुसून टाकणारे लोकही आपली फुलं उपाशी मारतात. मीठ दुकानातलं मरीन सॉल्टच हवं. स्वयंपाकघरातलं मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, आणि समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट यांचा अख्खा परिवार असतो. सैंधव घालून बघू का, असं विचारणारेही निघतात. नको.

मीठ विरघळवायचं ते आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तर घातक आहेच, पण जुन्या नळांमधून येणारं अंशभर तांबंही समुद्रफुलांना सोसत नाही. यावरून एक महत्त्वाची गोष्ट: माशांच्या ‘पांढऱ्या ठिपक्यां’च्या रोगावरची अनेक औषधं तांब्याची असतात. ती मुख्य टाकीत कधीच टाकायची नाहीत. मासा वेगळ्या टाकीत काढून उपचार करावा. आणि ज्या टाकीत पूर्वी तांब्याचं औषध गेलं आहे, तिचे जुने खडक ॲनिमोनसाठी वापरू नयेत, कारण त्यात मुरलेलं तांबं हळूहळू सुटत राहतं.

आपल्याकडे सगळ्यांत मोठा दगा देतो तो उन्हाळा. गणित करून बघा. शंभर लिटरच्या टाकीत साडेतीन किलो क्षार आहेत. एप्रिलच्या उकाड्यात तुम्ही दोन-तीन दिवस गावाला गेलात, पंखा चालू होता आणि पाच लिटर पाणी उडालं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ जागेवरच राहतं. आता साडेतीन किलो क्षार 95 लिटरांत आहेत, म्हणजे लिटरला जवळपास 37 ग्रॅम. परत आल्यावर घाईघाईने पाच लिटर गोडं पाणी ओतलंत तर तासाभरात खारटपणा उलट्या दिशेने कोसळतो. दोन्ही धक्के ॲनिमोनच्या प्रत्येक पेशीला बसतात. म्हणून उडालेलं पाणी रोज, थोडं थोडं, आणि गोडं आरओचं पाणी घालूनच भरायचं. फ्लोट व्हॉल्व्हवर चालणारं ऑटो टॉप-ऑफ नावाचं साधं यंत्र हे काम करतं, आणि महागड्या दिव्यांच्या आधी ते विकत घ्यावं असं मी म्हणेन. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायूही कमी होतो. विदर्भ-मराठवाड्यात चिलरशिवाय किंवा एसीच्या खोलीशिवाय हा उद्योग करू नये, हे स्पष्ट सांगायला हवं. वीज जाणाऱ्या गावात निदान एका पंपाला इन्व्हर्टरची जोड हवी.

एवढं सगळं जमलं की ॲनिमोन आणायचं. आणताना तीन गोष्टी बघाव्यात: तोंड घट्ट मिटलेलं आहे का, शुंडकं चिकटतात का, आणि पायाची चकती अखंड आहे का. यात पायाचं महत्त्व सर्वांत जास्त. फाटलेल्या पायाचं फूल क्वचितच वाचतं. घरी आणल्यावर टाकीचं पाणी थेंबाथेंबाने पिशवीत मिसळत तासभर सवय लावायची आणि मग खडकाच्या एखाद्या कपारीपाशी सोडायचं. दिव्याची तीव्रता सुरुवातीला कमी ठेवून दोन-तीन आठवड्यांत वाढवायची.

त्यानंतर खरी करमणूक. हे फूल चालतं. तुम्ही त्याला हॉलमधून छान दिसेल अशा जागी बसवता, आणि ते रात्रीत पायाची चकती सरकवत टाकीच्या मागच्या काचेवर जाऊन बसतं. उजेड, प्रवाह आणि पाय लपवायला फट, या तिन्हींचा त्याच्या पसंतीचा मेळ जिथे बसेल तिथे ते थांबतं. मेंदू नसलेला प्राणी हे कसं ठरवतो हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याच्याकडे अंगभर पसरलेलं मज्जातंतूंचं जाळं आहे, आणि नेमॅटोस्टेला या छोट्या समुद्रफुलावर 2023 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तर दिसलं की उजेड आणि विजेचा हलका झटका यांची सांगड ते ‘शिकू’ शकतं. त्याच नेमॅटोस्टेलाचा जनुकसंच 2007 साली वाचला गेला तेव्हा जीवशास्त्रज्ञ चकित झाले होते: जनुकांची ठेवण माशी किंवा जंतापेक्षा माणसाच्या ठेवणीशी जास्त मिळतीजुळती निघाली.

चालणाऱ्या फुलाचा एकच मोठा शत्रू, तो म्हणजे वेव्हमेकर. पंपाच्या तोंडाशी गेलेलं ॲनिमोन पात्यांत सापडून चिरडतं, आणि त्याच्या चिंधड्यांतून सुटलेलं विष आणि कुजणारं मांस टाकीतल्या इतरांनाही घेऊन जातं. म्हणून ॲनिमोन यायच्या आधीच प्रत्येक पंपाच्या तोंडावर स्पंज किंवा जाळी हवी. प्रवाळांच्या आधी ॲनिमोन आणावं, असंही म्हणतात. एकदा त्याने जागा निवडली की मग त्याच्या आसपासची रिकामी जमीन सोडून बाकीची मांडणी करायची. आणि त्याने निवडलेल्या जागेवरून त्याला खरवडून काढून ‘बरी’ जागा द्यायला जाऊ नये. पाय बहुधा असेच फाटतात.

जेवण थोडकं पुरे. शैवालांची शेती ठीक चालली असेल तर आठवड्यातून एकदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा, आधी गोठवून मग वितळवलेला. मोठा तुकडा दिला तर दोन दिवसांनी तो अर्धवट पचलेला बाहेर येतो आणि पाणी नासवतो. दिवसातून एखाद्या वेळी फूल आक्रसून तोंडातून तपकिरी चिकट पदार्थ टाकतं. त्याला घाबरून फोनाफोनी करू नका. जुनं पाणी आणि घाण टाकून ते नवं पाणी भरून घेत असतं. काळजी करायची ती आक्रसलेलं फूल दोन दिवस उघडलं नाही आणि तोंड आ वासून राहिलं तर. मग आधी पाण्याची चाचणी, आणि अंग विरघळू लागलं, वास येऊ लागला तर लगेच टाकीबाहेर.

आता ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होतो त्या क्लाउनफिशबद्दल. जगात समुद्रफुलांच्या हजाराहून जास्त जाती आहेत, पण क्लाउनफिश राहतात त्या जेमतेम दहा यजमान जातींत. ‘फाइंडिंग निमो’ या 2003 सालच्या चित्रपटाने घराघरांत नेलेला नारिंगी मासा, ‘ॲम्फिप्रिऑन ओसेलारिस’, निसर्गात बबल टिपमध्ये सहसा राहतच नाही. त्याचे यजमान वेगळे. टाकीत मात्र तो पुष्कळदा बबल टिप पत्करतो, आणि कधी कधी ते सोडून एखाद्या पंपाला किंवा शेवाळाच्या झुपक्यालाच घर मानून बसतो. जिथे जुळतं तिथे देवाणघेवाण बघण्यासारखी असते. मासा ॲनिमोन कुरतडणाऱ्या बटरफ्लाय माशांना हाकलतो. त्याचा अमोनिया ॲनिमोनमधल्या शैवालांना खत होतो. रात्री शैवालांचा प्राणवायू बंद झाला की मासा शुंडकांत हालचाल करून ताजं पाणी खेळवत राहतो. एवढं असूनही क्लाउनफिशला जगायला ॲनिमोन लागतं ते समुद्रात, जिथे त्याला खाणारे आहेत. टाकीत तो त्याच्याशिवाय मजेत जगतो, अंडीही घालतो. ‘माशासाठी’ म्हणून नव्या टाकीत ॲनिमोन आणण्याची गरज माशाला मुळीच नसते.

निगा जमली तर मग एक दिवस खडकावर एका फुलाची दोन दिसतात. बबल टिप स्वतःला मधोमध चिरत नेतं, दोन तोंडं, दोन पाय, आणि आठवडाभरात दोन्ही तुकडे सावरून पूर्ण प्राणी होतात. दोन्हींत तीच जनुकं. समुद्रफुलांत वार्धक्याची ठळक खूण आजवर आढळलेली नाही. उपासमार, पंप, तापमान, रोग यांनी ती मरतात. म्हातारपणाने मेलेलं फूल दाखवणं अवघड आहे. आज हौशी लोकांत हातोहात फिरणाऱ्या गुलाबी बबल टिपांच्या काही वंशरेषा वर्षानुवर्षं अशाच दुभंगत आल्या आहेत. त्या गुलाबी रंगाचंही महत्त्व टाकीपुरतं नाही. एंटाकमेया क्वाड्रिकलरमधून 2002 साली वेगळं केलेलं लाल चमकणारं प्रथिन आणि त्याचे भाऊबंद सुधारून बनवलेली ‘टॅगआरएफपी’, ‘एमकेट’ ही प्रथिनं आज जगभरच्या प्रयोगशाळांत जिवंत पेशींच्या आत काय चाललंय ते रंगवून दाखवायला वापरतात. कॅरिबियनमधल्या एका समुद्रफुलाच्या, स्टिकोडॅक्टिला हेलियान्थसच्या, विषातल्या एका प्रथिनावरून स्वप्रतिकार विकारांवरचं औषध तयार करण्याचे प्रयत्न माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचले आहेत.

दुभंगण्याच्या या गुणामुळेच आपल्यापुढे एक सरळ निवड आहे. प्रवाळभिंतीवरून उपटलेलं फूल विकत घेण्याची गरज उरलेली नाही. उपटताना पाय फाटतो, प्रवासात शैवालं जातात, आणि मागे समुद्रात त्याच्या आश्रयाची मासोळी उघडी पडते. क्लाउनफिशच्या बाबतीतही तेच: केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांचं प्रजनन आपल्या देशात करून दाखवलेलं आहे, हॅचरीतली पिल्लं मिळतात. इंग्लंडमध्ये गॉस यांच्या पुस्तकांनी लावलेल्या वेडापायी लोकांनी किनाऱ्यावरचे खळगे इतके ओरबाडले की त्यांच्या मुलाने, एडमंड गॉसने, पुढे त्याबद्दल हळहळ लिहून ठेवली. कोकणातल्या खळग्यांचं तसं होऊ नये. तिथली फुलं ओहोटीला वाकून बघावीत, घरी आणू नयेत. शोभेसाठी प्रवाळाचा दगड उचलून आणणं तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हाच आहे, दगडी प्रवाळ त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

तेव्हा नवी टाकी लावली असेल तर पहिलं वर्षभर पाणी, वाळू आणि दोन मासे यांच्यावरच समाधान माना. खडकांवर गुलाबी शैवाल चढलं, उन्हाळा एकदा निभावला, दर आठवड्याच्या चाचणीत आकडे कंटाळवाणे वाटू लागले, की एखाद्या जुन्या हौशी माणसाकडे त्याच्या टाकीत दुभंगलेलं बबल टिप मागा. बहुतेक जण आनंदाने देतात, कित्येकदा फुकट. आणि दुकानात पांढरंशुभ्र, सुंदर, स्वस्त ॲनिमोन दिसलं तर ते तिथेच राहू द्या.